मागून आलेलं ‘आलो’

या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी नेमाने वाचतो आणि नेमाने हसतो, हे आधीच सांगून टाकतो. माझी बायको केतकी ते संध्याकाळनंतर वाचत नाही. मी सकाळच्या चहाबरोबर वाचतो आणि मोठ्यांदा शंका काढतो — "बाई दिसली म्हणे! चष्मा लावला होता का विचारा आधी." माझा धंदाच शंका काढण्याचा आहे. सॉफ्टवेअर बिघडलं की त्याचे लॉग, म्हणजे नोंदी, चाळायच्या आणि नेमकं कुठे, कशामुळे बिघडलं ते शोधायचं, याचा मला पगार मिळतो. "कारण सापडत नाही" असं कोणी म्हटलं की मी मनात म्हणतो, नीट शोधलं नसेल.

आज मीच लिहितोय की कारण सापडत नाही. पण भीती वाटली म्हणून लिहीत नाहीये... लाज वाटते म्हणून लिहितोय. भीती दोनतीन दिवसांत गेली. ही काही जात नाही.

आम्ही इसाक्वाला राहतो. सिएटलच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी. इथला हिवाळा म्हणजे बर्फ नाही, पाऊस. आपल्यासारखा धो धो कोसळून मोकळा होणारा नाही. बारीक, गार, दिवसभर चालणारा, छत्री उघडावी की नाही हे शेवटपर्यंत न कळू देणारा. झाडांना खालपासून वरपर्यंत शेवाळं, जमीन कायम भिजलेली, आणि डिसेंबरात चार वाजले की अंधारून येतं. अशा दिवसांत शहाणी माणसं घरात बसतात. आमच्यासारखे काही जण चिखलात सायकली चालवतात. जंगलखात्याच्या रुंद कच्च्या रस्त्यानं सायकल रेटत डोंगरावर चढायचं आणि हातभर रुंदीच्या पायवाटेवरून, झाडांमधून वळत, उड्या मारत खाली सुटायचं. त्या वाटांना लोकांनी नावंही तशीच ठेवलेली असतात. ही गोष्ट घडली ती वाट आमच्या टोळक्यात ‘वेट सॉक’ म्हणून ओळखली जाते. ओला मोजा. नाव अगदी बरोबर आहे.

मला या नादाला लावलं ऑफिसातल्या काइलनं. हा काइल माझ्याहून बारा वर्षांनी लहान, सायकलवर जन्मल्यासारखा चालवतो, आणि फार बोलत नाही. त्यानं एखाद्या उतारानंतर नुसती मान हलवून "नाइस" म्हटलं तरी माझा आठवडा बरा जातो. पंचेचाळिशीच्या माणसानं असं लिहिणं शोभत नाही, पण ते तसं आहे, आणि या गोष्टीत त्याला महत्त्व आहे.

आता सतीशराव. सतीशराव म्हणजे माझे साडू, केतकीच्या मोठ्या बहिणीचे, मेघाताईंचे यजमान. गेली पंचवीसेक वर्षं तिकडे इलिनॉयमध्ये, शॉमबर्गला आहेत, पण बोलणं अजून नागपूरहून निघालेलंच नाही. ‘करून राहिलो’, ‘जाऊन राहिलो’, ‘पाहून राहिलो’. आणि मी पुण्याचा. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल.

नाताळच्या सुट्टीत ती दोघं आमच्याकडे आली. आल्या दिवसापासून मी त्यांच्या ‘राहिलो’च्या मागे लागलो होतो. केतकीनं खालून हाक मारली, "सतीशराव, चहा!" की वरून आवाज यायचा, "येऊन राहिलो!" आणि मी लगेच, "येऊन राहिलात म्हणजे नेमके कुठे राहिलात?" ते हसायचे. मग एका संध्याकाळी आमच्याकडे पाचसहा मराठी घरं जेवायला होती, तेव्हा मी त्यांची पूर्ण नक्कलच करून दाखवली, आवाज काढून, हातवारे करून. सगळे खो खो हसले. सतीशरावही हसले. मेघाताई तेवढ्या ताटं उचलायला आत गेल्या. माझ्या लक्षात आलं होतं ते. पण लोक हसत असले की माणूस थांबत नाही.

दुसऱ्या दिवशी सतीशराव म्हणाले, "समीर, मलाही ने की तुझ्या त्या डोंगरावर. मीपण सायकल चालवतो ना बे."

ते चालवतात. शॉमबर्गला. पोळपाटासारख्या सपाट डांबरी ट्रेलवर, शनिवारी सकाळी, इतर काकांबरोबर. मी टाळायचा प्रयत्न केला. पाऊस आहे, चिखल आहे, मुळं निसरडी झालीत. पण केतकीनं डोळे वटारले आणि मेघाताई म्हणाल्या, "ने रे त्यांना, किती दिवस म्हणतायत." शेवटी दुकानातून एक चांगली सायकल भाड्यानं आणली, गुडघ्याला बांधायची पॅडं माझी जुनी दिली. काइलला आधीच हो म्हटलेलं होतं. त्याला मेसेज टाकला की बायकोच्या बहिणीचा नवरा बरोबर आहे, बिगिनर आहे, सॉरी. ‘सॉरी’ मी स्वतःहून लिहिलं. त्यानं विचारलंही नव्हतं.

पार्किंगमध्ये सतीशराव गाडीतून उतरले तेव्हा हेल्मेटच्या आत त्यांनी कानटोपी घातली होती. तपकिरी, हनुवटीखाली बटण असलेली. अंगात मेघाताईंचा जांभळा रेनकोट. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. काइलनं हात पुढे केला, "हे मॅन, लव्ह द हॅट." तो मनापासून म्हणाला होता. मला मात्र तो टोमणाच वाटला, आणि मी उगीच हसून "ही इज फ्रॉम इलिनॉय" असं काहीतरी म्हटलं.

वर चढायला नेहमीच्या दुप्पट वेळ लागला. सतीशराव मधेमधे थांबत, मोठमोठ्यानं श्वास घेत, झाडांकडे बघून "काय जागा आहे बे!" म्हणत. माथ्यावर पोचल्यावर त्यांनी सॅकमधून चिवड्याचा डबा काढला. "घ्या, घ्या. यंग मॅन, टेक, टेक." मी म्हटलं, "सतीशराव, आत्ता नको, हात चिखलाचे आहेत सगळ्यांचे." तोवर काइलनं मूठभर घेतला होता. परत एकदा घेतला. दोघं कढीलिंबाच्या पानावर काहीतरी बोलत बसले आणि मी ढगांकडे बघत होतो. उजेड जात होता, आणि मला खालच्या उडीची काळजी लागली होती.

ती उडी सांगायला हवी. वाटेच्या शेवटाजवळ एक लाकडी कट्टा बांधलाय, स्वयंपाकघरातल्या ओट्याहून बराच उंच. त्यावरून सुटायचं आणि पलीकडच्या उतारावर चाकं टेकवायची. ओल्यात मी ती कधी मारली नव्हती. आज मारणार होतो, आणि काइल फोनवर व्हिडिओ काढणार होता, असं आमचं आठवड्याभरापूर्वीच ठरलं होतं.

डोंगर उतरताना एक साधा रिवाज असतो. नवखा माणूस मधे, आणि जाणता एक जण सगळ्यात शेवटी. म्हणजे नवखा पडला तर मागून येणाऱ्याला दिसतोच. काइल म्हणाला, "आय'ल टेक द बॅक." मी म्हटलं, "नो नो, यू लीड. ही'ज फाइन." मागे राहायचं तर मीही राहू शकलो असतो. पण शेवटी राहिलं की नवख्याच्या वेगानं जावं लागतं, आणि काइल तर पुढे निघून गेलेला असता. मग माझी उडी कोण बघणार?

म्हणून काइल पुढे, मधे मी, आणि सतीशराव शेवटी. निघताना मी त्यांना एका दमात सांगितलं, "मुळं आली की ब्रेक मारू नका, सायकल सरळ ठेवा, पेडलवर उभं राहून वजन मागे टाका, आणि घाई करू नका." ते म्हणाले, "तू हो पुढे, मी येऊन राहिलो." मी काइलकडे बघून डोळे फिरवले. हेल्मेटमध्ये ते त्याला दिसले नसावेत. दिसले नसावेत, एवढीच आशा.

सुरुवातीची वळणं उतरून एका जुन्या सीडर झाडाच्या बुंध्यापाशी मी थांबलो. मागे काही दिसत नव्हतं, नुसतं धुकं आणि झाडांवरून टपटपणारं पाणी. मी ओरडलो, "सतीशराव, येताय ना?"

"आलो, आलो!"

लगेच आलं उत्तर. फार लांबून नाही. वरच्या वळणापलीकडून असावं तसं. मी पेडल मारलं आणि सुटलो.

पुढे ओढ्यावर लाकडी पूल आहे. तिथे काइल थांबला होता. त्यानं विचारलं, "हाउ'ज ही डुइंग?" मी मागे वळून परत हाक दिली, "येताय ना?"

"आलो, आलो!"

काइल म्हणाला, "व्हॉट डज दॅट मीन?"

मी हसत त्याला समजावून सांगितलं. आमच्या भाषेत त्याचा शब्दशः अर्थ ‘मी येऊन पोचलो’ असा होतो, पण म्हणणारा माणूस सहसा अजून सोफ्यावरून उठलेलाही नसतो. मला तो विनोद फार आवडला स्वतःचाच. काइल हसला नाही. तो म्हणाला, "सो शुड वी वेट?"

तेव्हा थांबायला हवं होतं. इतकं सरळ होतं ते. सायकलची साखळी वाजत नव्हती, ब्रेकचं किंचाळणं नव्हतं, कानटोपीवाला माणूस दिसत नव्हता... होता फक्त एक शब्द. पण ‘आलो’ म्हटलं ना त्यांनी, मग झालं तर. आपल्याकडे त्या शब्दावर कुकर बंद करतात, पानं वाढतात, गाडी सुरू करून ठेवतात. मी म्हटलं, "ही'ज राइट देअर. लाइट जातोय यार, चल." शेवटचं मराठीतच म्हटलं. तो समजला.

उडी छान झाली. काइलनं "नाइस" म्हटलं. फोनवर मला व्हिडिओ दाखवला. कट्ट्यावरून सुटलेला मी, चाकं हवेत, खाली उतरल्यावर हेल्मेट वर करून दात काढून हसणारा मी. पावसात त्याचा आवाज ऐकू येत नव्हता; मी तो दोनदा बघितला.

मग आम्ही पार्किंगमध्ये येऊन उभे राहिलो. सायकली पाण्यानं धुतल्या. मी गाडीचा हीटर लावला, थर्मासमधली कॉफी काढली. सतीशराव आले नाहीत. उतरून सायकल हातात धरून चालत येत असतील, असं मी म्हटलं. थोड्या वेळानं परत तेच म्हटलं. मग माझ्याच तोंडून निघून गेलं, "कुठे राहिले हे?" आणि बोलल्याबरोबर ती नक्कल आठवली, आणि ते हसणारे लोक आठवले.

काइलनं हेल्मेटवरचा दिवा लावला, सायकल उचलली. "यू कमिंग?"

मी ओले हातमोजे काढून दुसरे चढवत होतो. नादात मराठीतच बोललो, "आलो, आलो."

तो थांबला. माझ्याकडे बघून म्हणाला, "यू जस्ट टोल्ड मी व्हॉट दॅट मीन्स."

आणि निघाला. मी एक हातमोजा घालून, एक तसाच टाकून त्याच्या मागे गेलो.

आम्ही वाटेनंच उलटे वर चढलो, सायकली ढकलत. पुलापाशी कोणी नव्हतं. बुंध्यापाशी कोणी नव्हतं. मला हाका मारायला श्वासही उरला नव्हता. आणि बुंध्याच्या वर, माथ्यापासून अगदी थोडंच खाली, एका आडव्या मुळापाशी चिखलात टायर घसरल्याची लांब खूण होती. सायकल वाटेच्या कडेला उलटी. खाली नेच्यांच्या गचपणात जांभळा रेनकोट.

सतीशराव शुद्धीवर होते. नडगीचं हाड मोडलं होतं, पाय पाहवत नव्हता. ओठ निळे, दात कडाकडा वाजत होते. काइलचा दिवा तोंडावर पडल्यावर त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "आला का बे? केव्हाचा आलो आलो करून राहिलास."

त्या उताराला फोनची रेंज नाही. काइल माथ्यावर धावत गेला आणि तिथून मदत बोलावली. मी माझं जॅकेट, स्वेटर, सगळं त्यांच्या अंगावर घातलं, त्यांचे हात माझ्या हातात धरून बसलो. कानटोपीचं बटण नीट लावलं. त्यांना झोपू द्यायचं नव्हतं म्हणून बडबडत होतो. काय बोललो ते आठवत नाही, पण माफी मागितली नाही, हे आठवतं. बचावपथकाची माणसं स्ट्रेचर घेऊन आली आणि त्यांना खाली घेऊन गेली.

स्ट्रेचरमागून चालताना माझ्या डोक्यात प्रथम तो हिशेब लागला. ते बुंध्याच्या वरच पडले होते. माझ्या पहिल्या हाकेच्याही आधी. पहिल्याच काही वळणांत. मग मागून मला उत्तर कोणी दिलं? आणि दुसरी गोष्ट, जी मला, मराठीचा एवढा अभिमान असलेल्या माणसाला, तिथल्या तिथे कळायला हवी होती. सतीशराव कधीच ‘आलो’ म्हणत नाहीत. ‘येऊन राहिलो’ म्हणतात! आठवडाभर त्यांच्या त्याच शब्दाची चेष्टा करत होतो मी, आणि तोच शब्द आला नाही हे माझ्या लक्षात आलं नाही. त्यांचं बोलणं मी ऐकतच नव्हतो. नक्कल करण्यापुरतं ऐकत होतो.

पायात रॉड घालावा लागला. हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाली की तसल्या गारठ्यात झोप लागली असती तर प्रकरण वेगळं झालं असतं. सतीशरावांनी सगळ्यांना सांगितलं की समीर सारखा आवाज देत होता, ‘आलो, आलो’ म्हणून, त्यामुळे मी डोळे उघडे ठेवले. मेघाताईंनी माझे दोन्ही हात धरले आणि रडल्या. केतकी माझ्याकडे अशी बघत होती, जशी कित्येक वर्षांत बघितली नव्हती.

मी त्यांना तसं मानू दिलं.

घरी आल्यावर मेघाताईंनी सतीशरावांची आणि माझी मीठ-मोहरीनं दृष्ट काढली. एरवी मी दहा शेरे मारले असते. त्या दिवशी मान खाली घालून बसलो. मोहरी गॅसवर तडतडली आणि फायर अलार्म वाजला, सगळे हसले, आणि मला रडू फुटलं. त्यांना वाटलं, दमलाय बिचारा.

चारपाच दिवसांनी काइलनं तो व्हिडिओ पाठवला. मला बघायचा नव्हता. पण ईशानं, माझ्या मुलीनं, माझ्या फोनवर तो लावला. ती पंधरा वर्षांची आहे, इथेच जन्मलेली, मराठी सगळं समजतं पण उत्तर इंग्लिशमध्ये देते. ती एकदम म्हणाली, "वेट, बाबा, दॅट्स यू."

"मीच आहे ना. उडी मारतोय."

"नो, द व्हॉइस."

तिनं आवाज मोठा केला. पावसाची सर, चाकांचा आवाज, मी कट्ट्यावरून सुटतो... आणि मी हवेत असताना, मागच्या जंगलातून, स्पष्ट: "आलो, आलो!"

मला हसू आणायचं होतं, आलं नाही. म्हटलं, "अगं, मी हवेत आहे. तोंड बंद आहे माझं, बघ ना."

"आय नो. बट इट्स यू. दॅट्स हाउ यू से इट." मग तिनं हुबेहूब माझी नक्कल केली. दुसरा ‘आलो’ थोडा लांबवून, किंचित वैतागून. "यू से इट एव्हरी नाइट व्हेन आई कॉल्स यू फॉर डिनर. अँड देन यू डोंट कम."

ती सहज बोलली आणि वर निघून गेली. मी तो व्हिडिओ हेडफोन लावून ऐकला. तिचं बरोबर होतं. माणसाला स्वतःचा आवाज सहसा ओळखू येत नाही म्हणतात. मला आला.

त्यानंतर मी जे शोधायचं ते सगळं शोधलं. पाय मोकळे करायचं निमित्त करून पुढच्या रविवारी एकटाच डोंगरावर गेलो. नंतर काइलला घेऊन गेलो. तो पुलावर उभा राहिला आणि मी सतीशराव पडले होते तिथून जीव खाऊन ओरडलो. त्याला काहीच ऐकू गेलं नाही. ते शेवाळं सगळा आवाज गिळून टाकतं, तिथे प्रतिध्वनी होत नाही. त्या दिवशी डोंगरावर दुसरं कोणी मराठी माणूस असेल का, तर पार्किंगमध्ये आमच्याखेरीज एकही गाडी नव्हती. काइलला विचारलं, पुलावर तूही ऐकलंस ना? तो म्हणाला, हो, ऐकलं. "साउंडेड लाइक यू, मॅन. बट यू वर स्टँडिंग राइट इन फ्रंट ऑफ मी." त्यानं खांदे उडवले. त्यानंतर तो माझ्याबरोबर सायकलवर आलेला नाही. भांडण नाही. कामं असतात त्याला.

सतीशरावांना विमानप्रवासाला मनाई होती, म्हणून ते आणि मेघाताई आमच्याकडेच राहिले. रोज त्यांना चहा नेऊन द्यायचो आणि रोज ते कोणाला तरी फोनवर सांगत असायचे, "साडू असावा तर असा." एके दुपारी केतकी आणि मेघाताई बाजारात गेल्या होत्या. ते रिक्लायनरवर पाय उशीवर ठेवून बसले होते, छोटी, लिंबाएवढी संत्री सोलत. "याला संत्रा म्हणून राहिले हे लोक," असं कुरकुरत होते. मी समोर बसलो.

"सतीशराव, एक सांगायचंय. तो आवाज माझा नव्हता. मी खाली होतो, गाडीपाशी. कॉफी पीत होतो. त्याआधी उडीचा व्हिडिओ काढून घेत होतो. तुम्ही पडल्याचं मला कळलंच नाही... कळून घेतलंच नाही मी. वर येतानासुद्धा एक हाक मारली नाही."

त्यांनी एक फोड तोंडात टाकली. "मालूम आहे ना."

"काय मालूम आहे?"

"तू खालून आलास ना बे. आवाज वरून येऊन राहिला होता." त्यांनी हातानं दाखवलं, डोक्याच्या मागे, वर. "मी पडलो अन् सुरू झाला. आधी वाटलं, तू वर परत गेलास का. मग म्हटलं, हा कसा वर जाईल, हा तर पुढे निघून गेला. वर कोणीच नव्हतं, आपण तिघंच होतो. पण आवाज थांबेना. माझे डोळे मिटले की ‘आलो, आलो’. परत मिटले की परत. तुमचा दिवा दिसला अन् बंद झाला."

"मग तुम्ही सगळ्यांना माझं नाव का सांगितलं?"

"मेघा विचारून राहिली होती, समीर कुठे होता, समीर कुठे होता. काय सांगू तिला? सख्ख्या बहिणी आहेत त्या, समीर. आपल्यामुळे त्यांच्यात काऊन वाकडं यावं?" त्यांनी दुसरं संत्रं सोलायला घेतलं. "अन् खोटं नाही बोललो मी. आवाज तर तुझाच होता."

ज्या माणसाची मी घरभर नक्कल केली, त्यानं मोडका पाय घेऊन माझी अब्रू राखली होती, आणि इतके दिवस मी ती राखू दिली होती. मी त्यांचे पाय धरणार होतो, पण एका पायात रॉड. ते म्हणाले, "ऊठ बे, संत्रं खा." त्या संध्याकाळी मी केतकी आणि मेघाताईंना सगळं सांगितलं. मेघाताईंनी ऐकून घेतलं आणि पोळ्या लाटायला लागल्या. माझ्याशी त्या अजून मोजकंच बोलतात. त्यांचं चुकत नाही.

आता ती दोघं शॉमबर्गला परत गेलीत. सतीशरावांचा दर रविवारी फोन येतो. "उन्हाळ्यात येऊन राहिलो परत," म्हणतात. मी म्हणतो, या.

कारण मला सापडलेलं नाही. व्हिडिओ अजून फोनमध्ये आहे. पुसायला हात होत नाही आणि ऐकायला छाती होत नाही. केतकी जेवायला हाक मारते तेव्हा मी तोंडानं काही न बोलता आधी उठतो आणि जातो. तो आवाज माझाच होता, असं ईशा म्हणते, काइल म्हणतो, सतीशरावही म्हणतात. माझाच असता तर किती बरं झालं असतं.